पाच दिवसांचा निळा ड्रेस

तलासरीच्या ज्या कचेरीत मी नोकरी करते, तिथल्या बायकांचा तीनेक वर्षं असा ठाम समज होता की माझ्याकडे ड्रेस पुष्कळ आहेत. कपाट भरून असतील, असं त्या आपसात म्हणायच्या. प्रत्यक्षात कामावर घालण्याजोगा ड्रेस एकच होता. गडद निळा, जरा जाड सुती कापडाचा, गुडघ्याच्या खाली चार बोटं येणारा. गोल गळा, पुढे छोटी पट्टी आणि तिला तीन बटणं, कोपराच्या खाली जाणाऱ्या बाह्या, उजव्या शिवणीत एक खिसा. नक्षी नाही, लेस नाही, काही नाही. असा ड्रेस अंगावर असला की समोरच्याला तो दिसतच नाही, त्याच्यासोबत जे घातलंय तेवढं दिसतं. माझं सगळं त्या एका गुणावर चाललं होतं.

तो आईनं शिवला होता. आम्ही दोघी आगरला राहतो, डहाणूच्या अगदी जवळ. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर आईला त्यांचं पेन्शन मिळू लागलं, माझीही नोकरी होती, त्यामुळे घरची चूल काही शिलाई मशीनवर अवलंबून नव्हती. पण आई पोटासाठी मशीनवर बसतच नव्हती. पस्तीस वर्षं तिनं आगर-नरपडच्या बायकांचे ब्लाउज शिवले, शाळेतल्या बाईंचे ड्रेस शिवले, पोरींचे फ्रॉक शिवले. कुणी नव्यानं भेटलं आणि तुम्ही काय करता विचारलं, तर ती नवऱ्याचं किंवा माझं सांगत नसे. "मी शिवते," म्हणायची आणि गप्प बसायची. पुढचं लोकांनी चौकशी करून माहीत करून घ्यावं, अशी तिची अपेक्षा असे. लोक घेतही असत.

घरात एक नियम होता, तो कधी कुणी बोलून दाखवला नव्हता. माझ्या अंगावर दुसऱ्याच्या हातचं शिवलेलं कापड यायचं नाही. कॉलेजात असताना मी मैत्रिणींबरोबर वापीला गेले होते आणि येताना एक तयार टॉप घेऊन आले होते. आईनं तो उलटा केला, बाजूची शिवण दोन अंगठ्यांनी ताणली, आतला दोरा पाहिला आणि घडी घालून मला परत दिला. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तो टॉप मी मावसबहिणीला देऊन टाकला. दुसऱ्याच्या हातचं काही आणायची हौस माझी तिथेच फिटली.

निळा ड्रेस तिनं मी डहाणूहून तलासरीला बदलून गेले तेव्हा शिवला. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मोरपंखी कापडाचा दुसरा शिवला. तो मी घातला आणि डावी बाही काखेत अडकली. हात पुढे केला की ती मागे ओढायची. मी आतल्या खोलीत जाऊन ड्रेस उलटा केला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या.

ज्याला शिवणकाम येत नाही त्याला यातलं गांभीर्य कळणार नाही. बाहीचा पुढचा उतार वेगळा असतो आणि मागचा वेगळा. कापडाची दुहेरी घडी करून बेतलं की दोन हातांच्या दोन बाह्या आपोआप निघतात. कापड अपुरं असलं की एकेक सुटी बेतावी लागते, आणि मग कापडाची सुलट बाजू कोणती, उलट कोणती, हे पाहूनच कात्री लावावी लागते. तिथे नजर चुकली की एकाच हाताच्या दोन निघतात. ही नवशिक्यांची चूक. आईकडे शिवण शिकायला मुली येत, त्यांच्यातल्या कुणाकडून अशी बाही कापली गेली की आई शांतपणे म्हणायची, "ठेव हो बाजूला. दोन उजवे हात असलेलं गिऱ्हाईक आलं की देऊ."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "मीच जाड झालेय. काखेत घट्ट होतोय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेनं पाहिलं. "भात कमी खा," ती म्हणाली.

महिन्याभरानं तिनं त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून काहीतरी सुधारायची गोष्ट काढली तेव्हा मी ड्रेस सापडत नसल्याचं सांगितलं. मग जांभळा ड्रेस आला. त्याचा घेर एका बाजूला बोटभर खाली होता आणि गळ्याभोवतीची शिलाई कडेपासून कधी दूर, कधी जवळ, अशी भरकटत गेली होती. ज्या बाईच्या शिलाईवर गावातल्या दुसऱ्या शिंपिणी नाक मुरडायला जागा शोधत आणि ती त्यांना सापडत नसे, त्या बाईची ही शिलाई.

मला तेव्हा दोन गोष्टी लख्ख कळल्या. आईच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय, ही एक. आणि तिला स्वतःला ते कळलेलं नाही, ही दुसरी. तिसरी गोष्ट, म्हणजे हे तिला सांगायला हवं, ती मला त्या वेळी सुचलीच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत आले. ते खोटं आहे. सुचली होती. पण पस्तीस वर्षं जी 'मी शिवते' एवढंच सांगत आली, तिला 'तुला आता शिवता येत नाही' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कचेरीत मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. दाखल्यासाठी अर्धवट कागद घेऊन येणाऱ्याला मी सरळ परत पाठवते, साहेबांच्या टिपणीतली चूक साहेबांना दाखवते. घरात मात्र तोंडात मूग धरून बसले.

मी वेगळी वाट काढली. आईच्या हाती नवं कापड पडूच द्यायचं नाही, निदान माझं तरी. आणि दुसरीकडे शिवायचं नाही, कारण ते तिला कळलंच असतं. उरला निळा ड्रेस. "आता हीच फॅशन आहे," मी आईला सांगितलं. "एकच चांगला ड्रेस ठेवायचा आणि तो वेगवेगळ्या तऱ्हांनी घालायचा. मोठमोठ्या कंपन्यांतल्या बायका असंच करतात." मोबाईलवर मी खरंच तसा एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातली मुलगी उंच टाचांवर फिरत एकाच काळ्या ड्रेसवर दहा तऱ्हा करून दाखवत होती. तिला डहाणू-तलासरी एसटीत उभ्यानं जायचं नव्हतं, एवढाच फरक.

"म्हणजे तुला माझ्या हातचा एक पुरतो म्हण की," आई म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. मलाही माझ्या हुशारीचं जरा कौतुक वाटलं. सोबतीच्या सलवारी, चुडीदार, पलाझो, जाकीट ही सगळी आईनंच पूर्वी शिवलेली होती.

सोमवारी तो ड्रेस त्याच्या स्वतःच्या सलवार-ओढणीवर असे. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून, समोर इंग्रजी व्हीसारखी. सोमवारी वरिष्ठ कार्यालयातून कुणी ना कुणी येतं, तेव्हा ते शिस्तीचं रूप बरं दिसे. मंगळवारी पांढरा चुडीदार आणि पांढरी ओढणी, ती एकाच खांद्यावर सोडलेली. बुधवारी बिनबाह्यांचं वारली चित्रांचं जाकीट. आमच्या भागात घरोघरच्या भिंतींवर असलेली ती चित्रं कापडावर आली की बदलून आलेल्या साहेबमंडळींना फार आवडतात. त्या जाकिटावर मला दर बुधवारी एक तरी शेरा मिळायचा आणि खालच्या ड्रेसकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. गुरुवारी ओढणी तिरपी घेऊन कमरेशी पिनेनं अडकवायची, उंबरगावकडच्या बायका घेतात तशी, आणि कपाळाला जरा मोठी टिकली. शुक्रवारी ओढणीला सुट्टी. पायघोळ पलाझो, गळ्यात लांब मण्यांची माळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शुक्रवारी माझ्याशी कचेरीतली माणसं जरा दबून बोलत, का ते मला कळलं नाही. बहुधा बाह्यांमुळे.

हे वाचायला सोपं वाटतं. करायला रोज संध्याकाळी घरी आल्यावर ड्रेस धुवावा लागे. समुद्राजवळच्या हवेत जाड कापड वाळत नाही, ते ओलसरच राहतं. पावसाळ्यात तो पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरायचा, सकाळी शिवणींवरून इस्त्री फिरवून उरलेली ओल काढायची, आणि तरी कधी कधी काखेत गार लागायचं. निळा रंग फिका पडू नये म्हणून मी तो कायम उलटा करून वाळत घालत असे. आई म्हणायची, "कापड चांगलं होतं म्हणून टिकलं." मी म्हणायची, "शिलाई चांगली होती म्हणून." दोन्ही खरं होतं.

माझं नाव झालं. नव्यानं लागलेली एक मुलगी ओढणीच्या पिना कशा लावायच्या ते विचारायला माझ्या टेबलाशी येऊ लागली. आवक-जावक रजिस्टरपेक्षा माझ्या गळ्यातल्या माळांबद्दल जास्त चौकशा व्हायला लागल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. एकच ड्रेस आहे असं कळलं असतं तर 'का' विचारलं गेलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर कचेरीतून डहाणूच्या बाजारात पोचायला एक आठवडासुद्धा लागला नसता. बाजारातून ते आगरला आलं असतं.

दरम्यान आईची गिऱ्हाइकं कमी होत गेली. आधी नवे ब्लाउज यायचे थांबले, मग नुसतं फॉल-पिको येऊ लागलं, मग जुने कपडे सैल करायला. "हल्ली सगळ्या तयारच घेतात," आई म्हणायची. मी मान डोलवायची. चहा ओतताना तिचा हात कपाच्या कडेवर जायचा. डाव्या बाजूनं कुणी आलं की ती दचकायची. सुईत दोरा ओवून द्यायला ती मला सांगत नसे, शेजारच्या मुलीला बोलावत असे, आणि मी आत आहे हे तिला ठाऊक असे. मी हे सगळं पाहत होते आणि कानाडोळा करत होते. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचं असंच असतं, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं मी मनात म्हणायचे. डॉक्टरकडे चल म्हणायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात बायका रोजच्या ठरलेल्या रंगाचे कपडे घालून कचेरीत येतात आणि दुपारी सगळ्यांचा एक फोटो होतो. माझ्यासाठी ही परीक्षाच होती. नऊ दिवस, नऊ रंग आणि एक निळा ड्रेस. निळ्याचा दिवस सोडला तर बाकी आठ दिवस मी ओढणी, सलवार, बांगड्या आणि कानातली यांवर मारून नेले. त्या वर्षी कुणीतरी ग्रुपवर चुकून मागल्या वर्षीची रंगांची यादी टाकली. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या हिरव्यात आलो आणि आवारातल्या दुसऱ्या कचेरीतल्या बायका राखाडीत. आमच्याकडे शोककळा पसरली. माझ्या पिशवीत पुढच्या एका दिवसासाठी म्हणून आणलेली राखाडी ओढणी होती. ती घेतली आणि फोटोत एकटी मी बरोबर निघाले. साहेबांनीसुद्धा विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे किती ड्रेस आहेत?"

ते फोटो फिरत फिरत आगरला गेले. आमची शेजारीण बोर्डीच्या शाळेत शिकवते. तिनं आईला मोबाईल दाखवून सांगितलं की तुमची लेक रोज नवा ड्रेस घालतेय. आईनं मोबाईल नाकाला लावून पाहिला असणार, आणि तिला रंगांचे ठिपके दिसले असणार.

मी संध्याकाळी घरी आले तर ती मशीनजवळ बसलेली होती, पण मशीन झाकलेलं होतं.

"तलासरीला कुणाकडे शिवतेस?" तिनं विचारलं.

"कुणाकडे नाही."

"मला कमी दिसतं म्हणून दुसरीकडे टाकतेस का?" ती म्हणाली. मशीनवरच्या फडक्याची घडी सारखी करत ती हे बोलली.

आज मी हा प्रसंग लिहायला घेते तेव्हा इथे येऊन थांबते. तिनं स्वतः शब्द काढला होता. 'मला कमी दिसतं.' मी 'हो आई, दिसतं, चल दाखवून येऊ' एवढं म्हणाले असते तर झालं असतं. पण मला तेवढ्यात फक्त चोरी पकडली गेल्याची भीती वाटली, आणि चोरी तर मी केलेलीच नव्हती. मी निर्दोष आहे हे सिद्ध करायची मला घाई झाली. मी आत जाऊन कपडे बदलले आणि अंगावरचा ड्रेस आणून तिच्या मांडीवर ठेवला. "बघ. हाच रोज घालते. एकच आहे. बाकी सगळ्या ओढण्या."

आईनं ड्रेस पाहिला नाही. तिनं तो उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवत नेलं, काखेपासून खालच्या चिरेपर्यंत. मग खिशाच्या तोंडाशी थांबली. तिथे उसवू नये म्हणून ती नेहमी मागेपुढे तीन टाके घालते. ते तिनं बोटानं चाचपले.

"माझाच आहे," ती म्हणाली. मग मी विचारलं, "तुला कमी दिसतं असं कोण म्हणतं?" हे मी विचारलं. ती हसली.

त्याचा परिणाम असा झाला की तिला नव्यानं हुरूप आला. जिचा ड्रेस सरकारी कचेरीत रोज मिरवला जातो आणि साहेबसुद्धा विचारतात, तिला घरात बसून फॉल लावत राहायचं काही कारण नव्हतं. नरपडला एका घरी लग्न होतं. तिथले ब्लाउज तिनं मागून घेतले.

ड्रेस एकच आहे हे कचेरीत शेवटी एका बाईच्या लक्षात आलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडे तिचं गाव आहे, घरी भाताची आणि नाचणीची शेती, ती रोज तिथून येते. डबा खाताना ती माझ्या गळ्याकडे बघत म्हणाली, "मधलं बटण बदललेलं आहे. सोमवारी पण तेच होतं, काल पण तेच. हा एकच ड्रेस आहे ना गं?"

मी तिला सगळं सांगितलं. एवढे दिवस कुणाला न सांगितलेलं सांगून टाकल्यावर मला हलकं वाटलं, आणि ती आता माझ्या समजूतदारपणाबद्दल काहीतरी चांगलं बोलेल अशी मी वाट पाहिली. ती भाकरीचा तुकडा मोडत बसली.

"आमच्या बैलाचा डोळा गेला होता मागं," ती म्हणाली. "औत वाकडं जायला लागलं. सासऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टर आणला."

"माझी आई बैल आहे का?"

"नाही. पण तू वाकडं औत झाकून ठेवलंस."

मला तिचा भयंकर राग आला. हिला काय कळतं, असं वाटलं. मी डबा बंद केला आणि सुट्टी होईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, पण त्या विषयावर नाही. तिनंही पुन्हा काढला नाही.

लग्नाच्या ब्लाउजांचं काम चालू असताना एका दुपारी शेजारणीचा फोन आला. मशीनची सुई आईच्या बोटात गेली होती, नखातून आरपार, आणि आत तुटली होती. मी मिळेल त्या जीपनं डहाणू गाठलं. दवाखान्यात आई हात फडक्यात गुंडाळून ताठ बसली होती. मला बघून म्हणाली, "मशीन जुनं झालंय."

तिथल्या डॉक्टरांनी सुईचा तुकडा काढला, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. मग तिच्या समोर स्टूल ओढून बसले आणि एक डोळा झाकायला सांगून आपलं बोट कडेनं हळूहळू पुढे आणलं. बोट दिसलं की सांगा, म्हणाले. बोट पार नाकासमोर आलं तरी आई काही बोलेना. दुसऱ्या डोळ्यालाही बोट बरंच पुढे यावं लागलं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि उद्याच जा म्हणाले.

इकडची माणसं मोठ्या दुखण्याला हद्द ओलांडून गुजरातेत जातात. आम्हीही दुसऱ्या दिवशी तिकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मी रजा टाकली होती. सकाळी हाताला आला तो निळा ड्रेसच घातला, त्याच्याच सलवार-ओढणीवर. तपासण्यांत अर्धा दिवस गेला. आईला एका यंत्रासमोर बसवून दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. मी काचेबाहेरून पाहत होते. ती फार लक्ष देऊन बसली होती, मशीनवर बसते तशी वाकून, आणि बराच बराच वेळ तिचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं.

डॉक्टर तरुण होते, गुजराती, समजावून सांगणारे. काचबिंदू आहे, म्हणाले. हा दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याची मधली नजर आहे, ती औषधानं राखायची. गेलेली परत येत नाही. "मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून दिसायला लागेल, असं हे नाही, मासी."

आईनं विचारलं, "शिवायचं?"

"ते आता सोडा."

तिनं मान हलवली. रडली नाही, हुज्जत घातली नाही. मला उगाच वाटत होतं की हे ऐकून ती कोसळेल. ज्या वाक्यापासून तिला वाचवायला मी एवढा खटाटोप केला होता, ते वाक्य एका परक्या माणसानं तीन शब्दांत सांगितलं आणि ती हातातल्या पिशवीचे बंद बांधू लागली.

डॉक्टर कागदावर लिहीत होते. लिहिता लिहिता, सहज, त्यांनी विचारलं, "बे-अढी वरस तो थयां हशे. घरमां कोईना ध्यानमां ना आव्युं?" दोन-अडीच वर्षं तरी झाली असतील, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आईनं उत्तर दिलं. तीही गुजरातीतच बोलली. मुलगी दिवसभर नोकरीला असते, म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं, ती काही पोटात ठेवणारी नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान डोलवली. मला इतकी लाज माझ्या आयुष्यात वाटलेली नाही. मी ओढणी सारखी केली.

बाहेर औषधांच्या दुकानासमोर बाक होता. थेंबांची बाटली घेऊन आम्ही तिथे रिक्षाची वाट बघत बसलो. आईनं बाटली माझ्या हातात दिली आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांत, न चुकता. ती ते पुटपुटत पाठ करू लागली. मग मी तिला सांगितलं. बाह्यांचं सांगितलं, जांभळ्या ड्रेसच्या घेराचं सांगितलं, एकच ड्रेस का घालत होते तेही सांगितलं. माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, असं म्हटलं.

आईनं बाटली माझ्या हातातून परत घेऊन पिशवीत ठेवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," आई म्हणाली. "चार दिवस वाटलं असतं."